अर्ध्या भिंतीपलीकडचे नाना

नाना,

काल तुमचं तेरावं झालं. जेवणं उरकली, बायका तुमच्या मागं राहिलेल्या अक्कांच्या भोवती बसल्या, पुरुषमाणसं ओट्यावर पान जमवत होती, आणि मी पदर खोचून अंगणात मधोमध उभी राहिले. म्हटलं, "सगळ्यांनी जरा ऐका. सात वर्षांपूर्वी मैनाबाईला जे झालं, ते नानांमुळं नव्हे. चूक माझी होती."

मग धुडकूआबा उठले. मैनाबाईचे दीर ते, त्यांनाच काय ते बोलायचा हक्क. रुसलेल्या पोरीची समजूत काढावी तशा आवाजात म्हणाले, "डाक्टरीनबाई, तुमनं मन मोठं शे. पन नानानी सोता सांगेल व्हतं आम्हले, बठ्ठा गावसमोर. आते काय तेन्हं?" कोपऱ्यात बसलेल्या मैनाबाईनं बोळक्या तोंडानं दुजोरा दिला, "नानानीच पुडी व्हती ती. कडूजहर. माले आठवस ना." आणि पुन्हा पान-सुपारी सुरू झाली. अक्कांनी मला हाताला धरून आत नेलं आणि ताक दिलं.

म्हणजे बघा. तुम्ही गावाला जे खोटं सांगितलंत ते इतकं पक्कं सांगितलंत, की माझं खरं त्याच्यापुढं टिकेना. सात वर्षं मी तोंड उघडलं नाही आणि उघडलं तेव्हा लोकांना तो माझा मोठेपणा वाटला. याच्यापेक्षा कोणी तोंडात मारली असती तर बरं वाटलं असतं. म्हणून आता तुम्हालाच लिहिते आहे. तुम्ही ऐकून घ्याल. ऐकून घेणं तुमचा धंदाच होता, मधे मधे तोंड घालायची खोड सोडली तर.

मी या गावात आले तेव्हा तुम्हाला माझा राग आला होता का हो? मला तुमचा आला होता. मी पूर्व खानदेशातली, केळीच्या मळ्यातली पोर, मुंबईला शिकून डॉक्टर झालेली. आमचे हे नरडाण्याला कापसाच्या जिनात कामाला लागले म्हणून या पश्चिमेकडच्या गावात येऊन पडले. इथली अहिराणी मला निम्मी कळायची. घराच्या पुढच्या खोलीत टेबल मांडलं, पाटी लावली, आणि रोगी येईना. सगळी रीघ तुमच्या ओसरीवर. मी खिडकीतून बघायची. एक म्हातारा गादीवर मांडी घालून बसलाय, रोग्याचं मनगट हातात धरून त्याच्या म्हशीची चौकशी करतोय. मला वाटायचं, हा माणूस वैद्यकी करतो की गप्पा मारतो?

पुढं रोगी यायला लागले, पण चोरून. तुमच्याकडं येताना माझी बाटली पदराखाली, माझ्याकडं येताना तुमची पुडी कमरेला. मी जीभ बघायला तोंड उघडायला सांगावं तर जिभेवर तुमचं काळं चूर्ण. विचारलं तर कानावर हात. मी ओरडते हे त्यांना माहीत होतं. तो खोकल्याचा शामराव आठवतो? त्याला मी खोदून खोदून विचारलं तेव्हा म्हणाला, "सकाये तुमनी बाटली, सांजले नानाना काढा. दोन्हीसले खूश ठेवनं पडस ना बाई." मी तणतणत तुमच्या ओसरीवर आले. पहिल्यांदाच. तुम्ही माझं भांडण पुरतं ऐकून घेतलंत, अक्कांना चहा टाकायला सांगितलंत आणि म्हणालात, "बाई, रोगी दोघांकडे येतातच, चोरून. त्यांना उघड येऊ द्या की."

एवढंच बोललात. मी चहा पिऊन घरी आले, दोन दिवस तुमच्यावर चडफडले आणि तिसऱ्या दिवशी येऊन म्हटलं, मग बसू एकाच छपराखाली.

दवाखान्याला सरकीचं जुनं गोदाम मिळालं. आतल्या त्या तेलकट वासानं मी नाक मुरडलं होतं. तुम्ही चुन्याची फक्की घेऊन आलात आणि जमिनीवर दवाखाना काढायला बसलात. इथं बाकडं, इथं माठ, इथं मी, इथं तुम्ही. मी चपलेनं पुसायची आणि पुन्हा काढायची. तीन दिवस हेच. मला खोल्यांमध्ये छतापर्यंत भिंत हवी होती. जखमा उघडायच्या, सुया उकळायच्या, तिथं तुमच्या खलातली धूळ नको होती. तुम्हाला भिंतच नको होती. "रोग्याला पलीकडं काय चाललंय ते दिसलं पाहिजे. नाही तर तो दोन घरांत जाऊन आल्यासारखा जाईल." शेवटी गवंडी कंटाळून म्हणाला, "अर्धी बांधू का मंग?" आणि अर्धी बांधली. तुमची गादी उंच ओट्यावर घातली, म्हणजे बसल्या बसल्या तुम्हाला भिंतीवरून माझं टेबल दिसावं. त्याचा मला किती जाच झाला हे आता सांगायला हरकत नाही. मी कोणावर खेकसले की पलीकडून तुमचा घसा खाकरायचा.

उजेडावरनं तर जुंपलीच. पूर्वेची खिडकी मला सूक्ष्मदर्शकासाठी हवी, तुम्हाला जीभ आणि डोळे बघायला हवी. दोघांनी हट्ट धरल्यावर पूर्वेच्या भिंतीला दोन खिडक्या पाडल्या आणि गोदामाचा मालक बोंबलत आला. त्याला तुम्ही त्याच्या पोटाच्या तक्रारीत असं काही गुंतवलंत, की जाताना तो पथ्य लिहून घेऊन गेला आणि खिडक्या विसरला.

आणि त्या पायऱ्या. मी म्हणत होते पायऱ्या रस्त्याला लागून ठेवा, बैलगाडी थेट लागेल. तुम्ही त्या अंगणातल्या कडूलिंबाकडच्या अंगाला ठेवल्यात. रोग्यानं लिंबापासून दारापर्यंत पंचवीस पावलं चालून यावं. का, तर चालताना अर्धा रोग कळतो. मी हसले. पुढच्याच वर्षी तुम्ही भिंतीवरून हळूच म्हणालात, "बाई, तो निळ्या अंगरख्याचा गडी बघा, पाऊल टाकतो तेव्हा पंजा फटकतोय." तो आला होता डोकं दुखतं म्हणून. मी त्याला तपासलं, कोपराची शीर चाचपली, पाठीवरचा पांढुरका डाग सापडला. कुष्ठाची सुरुवात होती. वेळेवर गोळ्या सुरू झाल्या आणि त्याची बोटं राहिली. आजही तो बाजारच्या दिवशी त्या बोटांनी भाजी तोलतो. त्या पंचवीस पावलांना मी हसले होते, नाना. हसू परत घेता येत असतं तर घेतलं असतं.

पहिला रोगी कोणी बघायचा, यावरून मी मोठ्या भांडणाची तयारी करून आले होते. भांडावंच लागलं नाही. तुम्हीच म्हणालात, "धाप लागलेला, रक्त जाणारा, दातखीळ बसलेला आणि अंगावर पिणारं पोर, हे थेट तुमच्याकडं. माझी नाडी तिथं वेळ खाईल. बाकीच्यांना बसू द्या, पाणी पिऊ द्या, मग ज्याला जे लागेल ते." साठीच्या वैद्यानं हे स्वतः म्हणावं! मी काय उत्तर दिलं असेल? "बघू." एवढंच म्हटलं. तेव्हा माझ्या तोंडून चांगला शब्द निघायला फार कष्ट पडायचे.

आता त्या कागदाकडं येते.

रोग्याचा कागद एकच असावा, ही कल्पना माझी. ज्यानं आधी बघितलं त्यानं त्याच्यावर लिहायचं, दुसऱ्यानं वाचायचं, कागद भिंतीवरून इकडून तिकडं. तुम्हाला ती कल्पना इतकी आवडली, की तुम्ही गावभर सांगत सुटलात. मग एक दिवस मला विचारलंत, "बाई, मी आपला मोडीत लिहितो. मोडी येते ना तुम्हाला?"

मी म्हणाले, "येते की."

मला मोडी येत नव्हती, नाना. माहेरी आमचे आबा मोडी लिहायचे, त्यांच्या मांडीवर बसून मी ती लांबलचक रेघ आणि तिला लोंबणारी अक्षरं बघितली होती, तेवढंच. पण मुंबईला शिकून आलेल्या बाईनं गावातल्या वैद्याला "येत नाही" म्हणायचं? जीभच वळेना. मी उलट विचारलं, "आणि तुम्हाला इंग्रजी?" तुम्ही म्हणालात, "अक्षरं ओळखतो." तीही थापच होती. तुम्ही माझे कागद समोर धरून मान डोलवायचात आणि मग रोग्याला हळूच विचारायचात, "काय दिलंय बाईंनी? दाखव बरं गोळी." मी भिंतीवरून ऐकायची. तुमची थाप मला कळली होती. माझी तुम्हाला कळली होती की नाही, हे मला अजून ठाऊक नाही.

तुमचा कागद माझ्याकडं आला की मी एक नजर टाकायची आणि खाली बरोबरची खूण करायची, मास्तर पाटीवर करतो तशी. मुंबईच्या इस्पितळात मोठे डॉक्टर वॉर्डातून फिरताना अशीच खूण करत पुढं जायचे. तिचा अर्थ एवढाच, की पाहिलं. दीड वर्ष तसंच चाललं आणि काही बिघडलं नाही. कारण मला जे हवं ते मी रोग्याला विचारत होते आणि तुम्हाला हवं ते तुम्ही विचारत होतात. कागद आपला मधे मिरवत होता.

मैनाबाईच्या पायाला सूज होती, चालली की धाप लागायची. तिचं काळीज थकलं होतं. मी तिला काळजाच्या गोळ्या सुरू केल्या होत्या, महिना-दीड महिना झाला होता, सूज उतरत होती. त्या दिवशी सोनगीरचा बाजार होता, बाजाराला निघालेलं माणूस वाटेत दवाखान्यात डोकावून जायचं, म्हणून ही गर्दी. मैनाबाईला ताप होता. ती तुमच्यापुढं बसली. माझ्यासमोर एका पोराच्या मांडीवरचं गळू होतं, ते पोर आकाशपाताळ एक करत होतं, आई रडत होती, माझे हात पुवानं भरले होते. भिंतीवरून तुमचा कागद आला. नेहमीपेक्षा जास्त ओळी होत्या. मला दिसलं ते. तरी मी कोपरानं कागद दाबला, दोन बोटांत लेखणी धरून खाली खूण केली आणि परत ढकलला. आणि ते पोर शांत झाल्यावर स्वतःशी म्हटलं, विचारू नंतर. नंतर विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा मुलगा तिला गाडीत घालून घेऊन आला. उलट्या चालल्या होत्या, ओठाला मुंग्या, हातपाय गार. तुम्ही गादीवरून उडी मारून खाली आलात. त्या वयात तुम्हाला उडी मारताना मी तेव्हाच बघितलं. मनगट धरलंत आणि तुमचा चेहरा पांढरा पडला. "बाई, नाडी धावते, थांबते, पुन्हा धावते. बचनाग चढलाय. तुमच्या गोळीवर चढलाय."

तेव्हा मला समजलं, तुम्ही तिला तुमची तापाची पुडी दिली होती. शुद्ध केलेल्या बचनागाची, त्या विषारी मुळीची, तुमच्या वडिलांच्या हातची कृती, त्या पुडीनं शेकडो ताप उतरवले होते. पण बचनाग काळजावर चालतो आणि माझी गोळीही काळजावरच. दोन चांगली औषधं त्या म्हातारीच्या छातीत एकमेकांवर आदळली.

मी सुया टोचल्या, गरम विटा पायाशी ठेवल्या. तुम्ही तिचं मनगट सोडलं नाहीत. मी नळी लावून ठोके मोजायची आणि आकडा सांगायच्या आधी तुम्ही "आता सुधारलं", "आता पुन्हा अडखळलं" म्हणायचात, आणि ते बरोबर निघायचं. नाडीवरून आपलं जे भांडण नऊ वर्षं चाललं, त्यात त्या दिवसापुरते तुम्ही जिंकला होतात. मी कबूल मात्र कधी केलं नाही. तिसऱ्या दिवशी म्हातारी उठून बसली आणि पहिलं वाक्य काय बोलली, आठवतं? "मी म्हनं, दोन्हीसना दवा एकदम खाधा, दुप्पट गुन यी."

पण त्या पहिल्या दुपारी दारात सगळा गाव जमला होता. तिचा मुलगा लालबुंद होऊन ओरडत होता, "कोन्हा दवा लागना मन्ही मायले? सांगा ना, कोन्हा?" मी हात पुसत होते. स्वच्छ हात पुन्हा पुन्हा पुसत होते. आणि तुम्ही, तिचं मनगट हातात तसंच धरून, मान वळवून म्हणालात, "मन्ही पुडी लागनी. बाईसना काहीच दोष नही. मीच इचारं नही तेसले."

मी विचारलं नाही त्यांना. असं म्हणालात.

आणि मी गप्प राहिले. मला खरंच वाटलं की तसंच असेल. वाटून घेतलं. मनात तर थोडं हायसंही वाटलं, ते आज लिहून टाकते.

त्याची तुम्हाला काय झळ लागली, ते मी उघड्या डोळ्यांनी बघितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही बचनागाची बरणी घेऊन लिंबामागं गेलात, खड्डा खणलात आणि सगळा बचनाग पुरलात. वडिलांची कृती त्या दिवसापासून बंद. तापाचे रोगी माझ्या बाजूला बसायला लागले. पुढचा सगळा हिवाळा तुम्ही गादीवर नुसते बसून असायचात, रिकामा खल पुसत. म्हातारे लोक अंगणात चपला काढताना तुमच्या बाजूला न काढता माझ्या बाजूला काढायचे. तुम्ही घसा खाकरायचंही सोडलंत. मला करमेना. एक दिवस मी उगाचच एका रोग्यावर खेकसले, तुम्ही खाकरावं म्हणून.

तुम्ही खाकरलात. देव तुमचं भलं करो.

मग मीच म्हटलं, आता दोघांनीही बाळबोध मराठीत लिहायचं, म्हणजे भानगडच नको. तुम्ही का म्हणून विचारलं नाहीत. "बरं," म्हणालात आणि दुसऱ्या दिवशी दुकानातून अंकलिपी घेऊन आलात, बाळबोध वाचता येत होती पण लिहायची सवय नव्हती म्हणून. मला काळीज, फुप्फुस, सूज, असे मराठी शब्द शोधताना घाम फुटायचा, तुमचा ड उलटा निघायचा. पण तेव्हापासून तो कागद खरा झाला. आणि हळूहळू लोक परतले. संधिवाताचे, बाळंतिणी, पोटाचे, झोप न येणारे. ज्यांच्यासाठी माझ्या कपाटात खरं तर काहीच नव्हतं असे.

त्यात मीही आलेच. मला कावीळ झाली त्या वर्षी. माझ्या शास्त्रात तिच्यावर पडून राहण्यापलीकडं काही नव्हतं, आणि पडून राहणं मला येत नाही. तुम्ही रीतसर माझा कागद केलात आणि रोज अक्कांच्या हातची मुगाची पेज घेऊन येऊ लागलात. तो कागद अजून आहे. त्यावर तुमच्या त्या उलट्या ड-च्या अक्षरात लिहिलंय: "रोगी हट्टी. पथ्य पाळत नाही. उशीमागे तळलेल्या पापडाचे तुकडे सापडले. डोळे निवळत आहेत." मी बरी झाले तेव्हा आभार मानले का? मला आठवत नाही, म्हणजे मानले नसणार. आज मानते. पापड तीन होते, तुम्हाला दोनच सापडले.

बरी होताना वेळ जाईना, म्हणून मी तुम्हाला म्हटलं, "नाना, माझी मोडी जरा विसरल्यासारखी झालीय. उजळणी घ्याल का?"

तुम्ही चष्म्यावरून बघितलंत. "विसरलात? बरं बरं. पहिल्यापासून धरू." आणि पहिली आडवी रेघ मारायला लावलीत, लहान पोरासारखी. उजळणी करणाऱ्याला कोणी रेघेपासून शिकवतं का हो? दुपारी रोगी ओसरला की रोज अर्धा तास. रागावला नाहीत, हसला नाहीत. चार महिन्यांत मला वाचता येऊ लागलं. तुमचा शिकवण्याचा हात असा, की आलं कधी ते कळलंच नाही. आणि मग सरावाला म्हणून मी एकटीच जुने कागद काढून बसले.

मैनाबाईचा कागद त्यातच होता. तुम्ही तो फाडला नव्हता, लपवला नव्हता, तारखेच्या जागी नीट लावून ठेवला होता. त्यावर तुमच्या मोडीत होतं:

"बाईंस विचारणे. मैनाबाईची नाडी अडखळते. आपल्या गोळ्या चालू आहेत. तापासाठी बचनागाची पुडी द्यावी काय? आपणास धोका वाटल्यास नुसती गुळवेल देतो."

त्याखाली माझी खूण. आणि खुणेखाली पुन्हा तुमचं अक्षर: "होकार आला. दिली."

नाना, मी तो कागद बोट ठेवून तीनदा वाचला. तुम्ही विचारलं होतं. नीट, अदबीनं, सगळं लिहून, दुसरा उपायही सुचवून विचारलं होतं. आणि अख्ख्या गावासमोर म्हणालात, मीच विचारलं नाही. हा कागद तुम्ही नुसता वर धरला असता तरी पुरे होतं. गावात मोडी वाचणारे दहा जण होते. माझी पाटी दुसऱ्या दिवशी उतरली असती आणि तुमची बरणी फळीवर राहिली असती.

का केलंत असं? मी तरुण होते म्हणून? बायकांना डॉक्टरीण पुन्हा मिळणार नाही म्हणून? की दवाखाना मोडेल म्हणून? आणि मोडी शिकवायला बसलात तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं ना, की ही पोर एक दिवस तो कागद वाचणार? तरी पहिल्या रेघेपासून शिकवलंत. की म्हणूनच शिकवलंत? हे मी तुम्हाला शंभरदा विचारायला निघाले. भिंतीपाशी यायची आणि म्हणायची, "नाना, सुंठ संपली का हो?" तुम्ही म्हणायचात, "आहे की." पुढं तुमचेही पाय सुजायला लागले आणि तीच काळजाची गोळी मी तुम्हाला सुरू केली. तुम्ही ती मधातून घ्यायचात, आणि रोज ऐकवायचात की गोळीपेक्षा मधानं बरं वाटतंय.

नवं मराठी राज्य झालं त्या आठवड्यात तुम्ही खाटेवर होतात. घरी नको म्हणालात. तुम्ही आखलेल्या दवाखान्यात, अर्ध्या भिंतीच्या तुमच्या बाजूला खाट टाकून घेतलीत. बाहेर पोरं साखर वाटत फिरत होती. तुमचा कागद मीच लिहीत होते, रोजच्या रोज. त्या सकाळी ठोके मोजले आणि आकडा लिहिलाच नाही. लेखणी वळवून मोडीत लिहिलं. माझी मोडी तुम्हाला माहीतच आहे, कोंबडीचे पाय.

"नानांस विचारणे. मैनाबाईचा कागद मी वाचला आहे. त्या दिवशी मी न वाचता खूण केली. मला मोडी येत नव्हती. दोष माझा असता आपण घेतला. मला क्षमा करावी काय?"

कागद भिंतीवरून तुमच्याकडं दिला. मी तुमच्या खाटेशीच होते तरी वळसा घालून भिंतीवरूनच दिला, सवयीनं. तुम्ही तो छातीशी धरलात. बराच वेळ धरलात. मग बोटं हलवून लेखणी मागितलीत, खाली हळूहळू खूण केलीत, अगदी माझ्यासारखी, शेपूट वर काढलेली, आणि कागद परत दिलात. म्हणालात, "पूर्वेची खिडकी उघडा, बाई. माझी नव्हे, तुमची. तिचा उजेड बरा पडतो." मी तुमच्या नकळत डोळे पुसून गेले आणि खिडकी उघडली. वळले तेव्हा तुमचा डोळा लागला होता. संध्याकाळी तुम्ही गेलात.

तुमचा चष्मा उशाशी होता, नाना. डोळ्यांवर नव्हता.

मी तेव्हा विचारलं नाही. त्या पोराच्या गळवाच्या दिवशी विचारलं नाही तसंच. तुम्ही वाचून खूण केलीत, की माझ्यासारखी नुसतीच केलीत, पाहिलं म्हणून? अक्का म्हणतात, नानांना शेवटी चष्म्याशिवाय स्वतःची बोटंही दिसत नव्हती. धुडकूआबा म्हणतात, नाना डोळे मिटूनही सगळं वाचायचे.

आज दवाखाना उघडला. तुमची गादी तशीच आहे. लिंबापासून पंचवीस पावलं चालत मैनाबाई पहिली आली, माझ्या बाजूला न येता तुमच्या बाजूला जाऊन बसली आणि तिनं मनगट पुढं केलं, रिकाम्या गादीकडं. मी भिंतीला वळसा घालून गेले आणि पहिल्यांदाच तुमच्या जागेवर बसले. तीन बोटं ठेवली. मला ठोक्यांपलीकडं काही कळलं नाही, पण हात सोडला नाही, तिच्या म्हशीची चौकशी केली.

तुमचा कागद मैनाबाईच्या कागदाशेजारी लावून ठेवला आहे. दोन्हींवर एकसारखी खूण आहे. तिच्या कागदावर खुणेखाली तुमचं अक्षर आहे, होकार आला. तुमच्या कागदावर खुणेखाली तेवढी जागा रिकामी आहे. तुम्ही गेल्यापासून रोज काढते, लेखणी बुडवते आणि परत ठेवते. तिथं मी अजून काही लिहिलेलं नाही.